डावीकडची पट्टी

मालन घाडीकडे ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणजे आधी चार बोल ऐकून घ्यायची तयारी ठेवायला लागायची. बोरिवलीच्या काजूपाड्यात डोंगराच्या उतारावर चाळ, चाळीच्या वरच्या ओळीत कोपऱ्याची खोली तिची, आणि दारातच मशीन. आलेल्या बाईने पिशवीतून कापड काढायच्या आत मालन तिला वरपासून खालपर्यंत बघून निकाल देऊन मोकळी व्हायची.

“शेवंते, दंड बघ तुझे, मुसळं नुसती. आणि बिनबाह्यांचा पायजे तुला? कोपरापर्यंत बाही घाल गप, बारीक दिसशील.”

“सुनंदा, मान आहे कुठे तुझी? त्यात आणि बंद गळा. खांद्यात डोकं ठेवल्यासारखी दिसतेस. पुढे खोल गळा घे, मान आपोआप वर येईल.”

बायका फणफणत घरी जायच्या. पण आठ दिवसांनी तोच ब्लाउज अंगात चढला की आरशासमोरून हलायच्या नाहीत. खोटं कशाला बोला, हात होताच तिला. कुबड आलेल्या बाईची पाठ सरळ दिसायची, हाडकुळीला अंग यायचं. “देवाने घाईत कापलेलं असतं गो,” मालन म्हणायची, “आपण सुधारून घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

एक मात्र होतं. मापाला म्हणून जुना ब्लाउज कुणी पुढे केला तर ती तो फेकून द्यायची. “अंग बदलतं बाई, चिंधी बदलत नाही. हात वर कर.” टेप अंगावरच फिरायची, त्यामुळे चाळीतल्या प्रत्येक बाईचं सगळं मालनला आधी कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या घरात पोटभर शिजत नाही, कुणाच्या पाठीवर वळ आहेत. एकदा एकीला तिने वळांबद्दल विचारलं, तर ती बाई पुन्हा आलीच नाही, वर तिचा नवरा दारात येऊन शिव्या घालून गेला. तेव्हापासून मालनने कानाला खडा लावला. टेपने बघितलेलं तोंडाने बोलायचं नाही.

भिंतीला भिंत लागून जानकी धुरीची खोली. दोघी कणकवलीजवळच्या एकाच गावच्या. मालनचा नवरा गेला, तेव्हा पंधरा दिवस जानकीने तिला आपल्या हाताने भरवलं होतं. मालनला मूलबाळ नव्हतं आणि जानकीची एकुलती अनुपमा अर्धी मालनच्याच खोलीत वाढली. शाळेतून आली की दप्तर मालनच्या कॉटवर टाकायची आणि मशीनशी बसायची. काज, हुक, बाही, सगळं तिला मालनने शिकवलं. “शिलाई बघायची तर आधी उलटी कर,” असं तिच्या पाठीत धपाटा घालून सांगायची. “वरून काय, कुणीही चांगलं दाखवील. खरं-खोटं आतल्या बाजूला कळतं.”

चौऱ्याऐंशी साली गौरी-गणपतीच्या आधी जानकी मोरपंखी कापड घेऊन आली. नवरा जयवंत संपात घरी बसला तो बसलाच, पुढे त्याची गिरणीच बंद पडली. तेव्हापासून जानकी अंधेरीच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला जात होती. दार लोटून मालनने टेप लावली. टेप डाव्या काखेखाली आली आणि मालनचा अंगठा थांबला. कातडीखाली सुपारीएवढं काहीतरी होतं, कठीण, जागचं न हलणारं. ती अख्खी बाजूच उजवीपेक्षा चांगली बोटभर मोठी भरली.

“जानके, ह्या काय गो?”

“तां व्हय?” जानकी हसली. “पाच-सहा म्हयने झाले. दुखणा नाय, खुपणा नाय.”

“डाक्टराक दाखवलंस?”

“अनूची बारावी आसा गो. मी एक दिवस खाडो केलंय तर मुकादम दुसरीक बसयतलो. परीक्षा झाली काय दाखयतलंय.” मग तिने आवाज खाली आणला. “फक्त ह्या एका बाजूक असा दिसता ना, कामावरच्या बायका बघतत. तू काय तरी कर. तुझो हात आसा.”

आता मालनला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. गावाला तिची चुलती असल्याच गाठीने गेली होती, तिच्या उशाशी मालन स्वतः बसली होती. त्या क्षणी तिने जानकीचा हात धरून तिला खाली डांबरी रस्त्यावर आणि तिथून दवाखान्यात ओढत न्यायला हवं होतं. पण जानकी म्हणाली, तुझो हात आसा. ह्या एका वाक्याने मालन सुखावली. माणूस कशाने फसेल ते सांगता येत नाही, मालन स्तुतीने फसली.

“बघतंय काय करूक येता तां,” ती म्हणाली.

आणि केलं तिने. दोन रात्री डोकं लढवलं. डाव्या काखेखाली तिरक्या कापडाची एक पट्टी घातली, अशी की वरून शिलाईसुद्धा कळू नये. उजव्या बाजूला आतून कापडाची दुहेरी घडी लावली, म्हणजे दोन्हीकडे सारखाच उभार. गळा वर घेतला. बाकी डावीकडे पदर असतोच. आरतीला जानकी तो मोरपंखी ब्लाउज घालून उभी राहिली, तर सुनंदा म्हणाली, “काय गं जानकी, झकास दिसतेस! बारीक झालीस नाय?” जानकीने मालनकडे बघून डोळे मिचकावले. मालनला काय आनंद झाला म्हणून सांगू. टाळ्या वाजवताना ती जानकीकडेच बघत होती.

दिवाळीला दुसरा शिवला. मग संक्रांतीला, मग कामावर घालायला आणखी तीन. दर वेळी डावीकडची पट्टी अर्ध्या बोटाने रुंद करावी लागायची आणि बाकी ब्लाउज आत घ्यावा लागायचा. संक्रांतीला मालन एकदा बोलली, “जानके, आता तरी दाखव गो.” जानकी म्हणाली, “मार्च इलोच.” मालनने पुढे विषय वाढवला नाही. तिला वाढवायचाच नव्हता, हे तिला नंतर कळलं. आठ महिने ती हातात टेप घेऊन ते मरण मोजत होती आणि त्याच्या मापाचं कापड बेतत होती.

परीक्षा झाली तरी जानकी आज-उद्या करत राहिली, आणि मे महिन्यात कारखान्यात चक्कर येऊन पडली. जयवंतने तिला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं, सोबत मालन. डॉक्टर तरुण होते. कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, “आठ-नऊ महिन्यांपूर्वी आणली असती, तर काही करता आलं असतं. एवढं होईपर्यंत घरात कुणालाच कसं दिसलं नाही?”

“नाय दिसलं हो, साहेब,” जयवंत रडत म्हणाला. “आईशप्पथ सांगतो, नाय दिसलं.”

मालन खाली फरशीकडे बघत राहिली.

श्रावणात जानकी गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी आणवली, हिरवा चुडा भरला आणि ब्लाउज शिवायला मालनलाच सांगितलं. तिने तो अर्ध्या तासात शिवला. अंगात अंग उरलंच नव्हतं, माप घ्यायचं तरी कशाचं? पाठीत फाडून घातला. डाव्या बाजूला पट्टी नव्हती आणि पदर नीट करणाऱ्या शेवंतीला तिथला फुगवटा दिसला. “अगंबाई!” एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि तिने पदर वर ओढला.

त्या दिवसांत अनुपमा मालनच्या मांडीवर डोकं ठेवून एकच विचारायची. “मावशी, मी आईच्या बाजूला झोपायची गं. मला कसं कळलं नाही? मी एवढी कशी आंधळी?”

“नशीब बाये,” मालन तिच्या केसांतून हात फिरवत म्हणायची. पोर स्वतःला बोल लावून घेतेय, हे तिला दिसत होतं. एका वाक्यात तिला सोडवता आलं असतं. पण ते वाक्य बोलली, तर ही मांडीवरची पोर उठून जाईल, आणि हिच्याशिवाय मालनला जगात होतं कोण?

तेराव्याला ती जयवंतला म्हणाली, “गेलेल्या माणसाची कापडं घरात ठेवू नयेत.” जानकीचे ब्लाउज तिने पिशवीत भरून आणले, दार लावून प्रत्येकाची शिलाई उसवली आणि चिंध्या चुलीत घातल्या. मोरपंखी तेवढा सापडला नाही. इस्पितळात राहिला असेल, असं तिने मनाला सांगितलं आणि हळूहळू मनालाही ते पटलं.

वर्ष गेलं. अनुपमाने टायपिंगचा क्लास केला आणि अंधेरीच्या एका ऑफिसातून टेलिफोनवर बसायच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं पत्र आलं. धावतच ती मालनकडे आली. मालनला इतकं बरं वाटलं की तिने पोरीला दारातच उभी करून, जुन्या सवयीने, वरपासून खालपर्यंत बघितलं.

“पंजाबी ड्रेस नको. तू उंच, त्यात खांदे पडके, ओढणी घेतलीस की शाळकरी दिसतेस. साडी नेस. मान लांब आहे तुझी, वर गळ्याचा ब्लाउज तुला शोभेल. जरा पोक्त दिसशील, नोकरी हातात देतील.”

“आईची ती मोरपंखी काठाची नेसू?”

“नेस की. मी आज रात्रीत ब्लाउज शिवते.”

“कशाला? ब्लाउज आहे ना आईचा. वर गळ्याचाच आहे.” अनुपमा लाजल्यासारखी हसली. “मी तेव्हा लपवून ठेवला होता. उशीखाली घेऊन झोपायची. थांब, आणते. मीच आत घेईन, तू नुसती बघ.”

“नको गो, जुनं कापड ते, विरलं असेल...” मालन म्हणेपर्यंत पोर जाऊन आलीसुद्धा. मशीनच्या स्टुलावर बसली, दिव्याकडे तोंड केलं आणि शिकवल्याप्रमाणे तिने ब्लाउज आधी उलटा केला.

तिचं बोट डाव्या काखेखाली फिरलं, मग उजवीकडे गेलं, परत डावीकडे आलं.

“मावशी, इथे पट्टी का घातलीस?”

“कापड कमी पडलं होतं,” मालन म्हणाली.

“कमी पडलं, तर मग उजवीकडे दुहेरी कुठून लावलंस?”

खाली नळावर बायका भांडत होत्या, त्यांचा आवाज वर येत होता.

“हा गौरीच्या वेळचा ना?” अनुपमा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, मालनला त्याचीच जास्त भीती वाटली. “सुनंदामावशी म्हणाली होती, झकास दिसतेस. मला आठवतंय. गौरी ते मे.” तिने बोटांवर मोजलं नाही, पण हिशेब झालेला दिसत होता. “डॉक्टर म्हणाले होते ना, आठ-नऊ महिने.”

“अनू, तिनेच सांगितलं मला. तुझी बारावी होती. काम जाईल म्हणाली. मी सांगितलं होतं तिला, दाखव म्हणून. एकदा सांगितलं होतं...”

“एकदा,” अनुपमा म्हणाली.

“चुकलं गो माझं. मेली मी चुकले. तुझ्या पायावर डोकं ठेवते.” मालन खरंच खाली बसली. अनुपमाने पाय मागे घेतले.

“मी वर्षभर स्वतःला शिव्या घालतेय, मावशी. बाबा अजून झोपेतून उठून बसतात, मला कसं दिसलं नाही म्हणून. आम्हाला दिसणार कसं?” तिने ब्लाउज सुलटा करून समोर धरला. “तू एवढं चांगलं शिवायला नको होतंस गं.”

ती उठून जाईल असं मालनला वाटलं. पण ती उठली नाही. तिने पात्याने पट्टीची शिलाई उसवली, उजवीकडची दुहेरी घडी उसवली आणि दोन्ही तुकडे मशीनच्या फळीवर ठेवले. मग टेप घेऊन स्वतःच्या छातीभोवती स्वतःच धरली. मालन म्हणाली, “मी घेते माप.” अनुपमा म्हणाली, “नको.” तासभर मशीन चाललं. मालन खाली फरशीवरच बसून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमा साडी नेसून निघाली. भिंतीला भिंत, दारावरूनच जावं लागायचं. मालन पहाटेपासून दारात उभी होती. पोर खरंच पोक्त दिसत होती, थेट जानकी. रात्री भरल्या डोळ्यांनी शिवलेलं, पाठीवरची शिलाई तिरकी जाऊन मधे मोठी चुणी पडली होती. मालनच्या डोळ्यांना ती लगेच दिसली. दोन टाक्यांचं काम होतं.

“अनू,” तिच्याने राहवेना. “थांब गो जरा. पाठीवर चुणी दिसतेय.”

अनुपमा थांबली, पण वळली नाही.

“दिसू दे,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.