चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी

बद्रीनाथ सरांनी ग्लुकोजचा रिकामा डबा तीनदा हलवला, झाकण काढलं आणि वहिदासमोर धरला. आत दोनच चिठ्ठ्या. औरंगपुऱ्यातल्या सभागृहाच्या जिन्यात तिचा जोडीदार रामकिसन डोळे मिटून उभा होता, जणू चिठ्ठी नाही, दाढ काढायची आहे.

वहिदानं हात घातला, चिठ्ठी उघडली आणि ओठ दाबून हसली.

"प्रतिकूल."

वादविवादाचा विषय होता, 'अण्वस्त्रबंदी करारापासून भारताने दूर राहणे योग्यच आहे.' जुलै महिन्यात एकशे बावीस देशांनी त्या कराराला होकार दिला होता. ज्यांच्याकडे स्वतःचे बॉम्ब आहेत त्यांतला एकही देश तिथं फिरकला नव्हता. भारतही नाही.

प्रत्येक कॉलेजची जोडी. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. सरांच्या हाताखालची पोरं दोन्ही बाजू तयार करत आणि वाट्याला कोणती येते ते अर्धा तास आधी डबा सांगे. एकोणीस वर्षांचा नियम. एकदा संस्थेच्या चिटणीसांच्या पुतण्याला नको ती बाजू आली, घरून फोन आला, तरी सर हलले नव्हते. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

वहिदाचं यंदा शेवटचं वर्ष. गेल्या खेपेला अर्ध्या गुणानं पुण्याची फेरी हुकली होती. अनुकूल तिनं पाठ केलं होतं. प्रतिकूल तिनं लिहिलं होतं.

पहिली घंटा

नोंदणीच्या टेबलावर आयोजकांपैकी एक माणूस बसला होता, कपाळाला गंध, हातात पेन. त्यानं यादीत बोट फिरवलं आणि नावापाशी थांबवलं.

"शेख वहिदा कय्युम. ही कोणत्या बाजूनं, सर?"

विचारताना तो हसला. साधंच हसला असेल. पण त्याच्या मागं खुर्च्या भरत होत्या आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी आत्ताच मोबाइल काढून मंचाकडं धरून बघितले होते. सरांना वाटलं, माणूस एका ठरावीक उत्तराची वाट बघतोय. उत्तर तोंडातून आपोआप निघालं.

"अनुकूल."

"वा," म्हणून त्यानं लिहूनही टाकलं.

झालं एवढंच. पाण्यात पडलेला खडा काही आपण होऊन वर येत नाही. सर जिन्याकडं परतले तेव्हा त्यांनी बाजू बदलायचं कारण तयार केलं होतं. रामकिसनचं अनुकूल कच्चं आहे, परीक्षक जुने आहेत, कॉलेजचा विचार करायला हवा. बोलताना ते भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडं बघत होते.

"सर, माझं तर उलटं हाय," रामकिसन म्हणाला. "मला फक्त अनुकूलच येतंय."

सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

 वहिदानं डब्याकडं बघितलं, मग सरांकडं. मग पिशवीतून चार पानं काढून रामकिसनच्या हातात दिली.

"घे. तिसऱ्या पानावर जरा थांब. पाणी पिऊ नको, आवाज बसतो."

दुसरी घंटा

वहिदा बोलली. एकही शब्द अडला नाही. स्वतःची कोठारं भरलेली असताना दुसऱ्याला कुलूप दाखवणारे देश, दोन बाजूंचे दोन शेजारी, उघड्या दारानं झोपायची चैन. हातवारे जिथल्या तिथं. सरांना ते सगळं ऐकताना पाढे आठवत राहिले.

रामकिसन पानात बघूनच बोलला.

"गावात दारूबंदीची सभा भरली. जे पीत नाहीत ते सगळे आले. ज्यांच्या भट्ट्या आहेत ते घरात बसले आणि म्हणाले, शेजारची भट्टी आधी बंद करा. शेजारीही तेच म्हणाला. मी म्हणते, मग सुरुवात करणार कोण?"

'म्हणते'वर सभागृह हसलं. रामकिसनचे कान लाल झाले, तो आणखी त्वेषानं वाचू लागला. तिसऱ्या पानावर तो थांबला तेव्हा कोणी हसत नव्हतं. कोणी हुर्यो उडवली नाही, कोणी मोबाइल उचलला नाही. टाळ्या मात्र पडल्या, चांगल्या घसघशीत. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानंही वाजवल्या.

मुख्य परीक्षक आप्पासाहेबांनी निकाल सांगितला. पहिली वहिदा. देश मनात कसा असावा लागतो ते या मुलीकडून शिकावं, ते म्हणाले, आणि तिचं मराठी तर बघा, आपल्या मुलांना लाजवील. रामकिसनला त्यांनी निर्भीड विचारांचं खास पारितोषिक दिलं. तरुणानं असंच न घाबरता बोललं पाहिजे, वाऱ्याविरुद्ध. रामकिसन मंचावरून उतरला तो थेट वहिदाकडं गेला आणि ढाल तिच्यापुढं धरून उभा राहिला. तिनं नुसती नाही अशी मान हलवली.

वेळ संपली

वहिदाचे वडील कय्युमभाई वाळूजहून अर्धी सुट्टी टाकून आले होते. कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, तुमचा लई शुक्रिया. मी तर पोरीला सांगितलं होतं, उलटी बाजू आली ना, तर पोट दुखतंय म्हण अन् घरी ये. ही आयकंना. म्हणली, अब्बा, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आमचे सर कोणासाठी बदलत नाहीत." ते हसले. "नशीब बघा, सीधी आली."

वहिदा पदकाची फीत बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायची, सोडायची.   सर म्हणाले, चहा घेऊ.

सोमवारी पुण्याच्या फेरीचा विषय आला. धरणाचं पाणी कोणत्या जिल्ह्याला किती. सरांना हायसं वाटलं, यात कोणाला काय वावडं असणार. त्यांनी चिठ्ठ्या केल्या, डबा तीनदा हलवला, झाकण काढलं आणि वहिदासमोर धरला.

ती वही उघडून बसली होती. हात पुढं आला नाही.

"उचल गं."

"राहू द्या, सर. तुम्हीच सांगा कोणती. तशी लिहिते."

आवाजात राग नव्हता. सर शोधत होते, पण नव्हता. त्यांनी डबा आणखी थोडा पुढं केला. वहिदानं पेनाचं टोपण काढलं, कोऱ्या पानावर समास आखला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली.