बाणाईच्या गालावरचा लाल ओघळ

मंद्रूपच्या पुढे आमची वाडी. तिथल्या खंडोबाच्या देवळात भिंतीवरची बाणाई रक्ताचे अश्रू ढाळू लागली आणि ज्या रस्त्यावर एरवी बैलगाडीलाही सोबत मिळत नाही, तिथे जीपगाड्यांची रांग लागली. सोलापुरातून माणसं आली, अक्कलकोटकडून आली. नारळवाले आले, त्यांच्यामागून रसवंती आली, लहान मुलांचा पाळणाही आला. बायकांनी तर ओवीसुद्धा रचली:

बाणाई माझी बाई, कशी रडते भिंतीत
लाल आसवं गं तिची, कुणी झेलावी ओटीत

ओवी चांगली होती. चमत्काराबद्दल तसं म्हणता येणार नाही.

तो आरतीच्या वेळी होई. देवळात मुक्कामाला उतरलेले विरुपाक्षबुवा चित्रापुढे पडदा ओढत आणि आत एकटेच उभे राहून कमंडलूतल्या गंगाजलानं देवीच्या गालावरची ‘जखम’ धूत. मग पडदा बाजूला सारून भंडारा कालवलेलं पाणी लिंबाच्या डहाळीनं भिंतीवर शिंपडत. पुऱ्या भिंतीवर हळदीचं पिवळं ते पिवळंच राही. फक्त बाणाईच्या गालावर पडलेलं पाणी बघता बघता लाल होई आणि हनुवटीवरून खाली ओघळे.

“विज्ञानानं माणूस चंद्रावर नेला,” बुवा म्हणत, “पण या डोळ्यापर्यंत पोचायला विज्ञानाला शिडी सापडेना!”

बाणाईचा डोळा माणसाच्या छातीइतक्या उंचीवर होता. शिडीची तशी गरज नव्हती.

देवी का रडते, तेही बुवांनीच सांगितलं. तिला कुणाचा तरी हात सोसला नव्हता. “कुणाचा, ते मी बोलणार नाही. गाव सुज्ञ आहे.”

गाव सुज्ञ होतंच. त्याच संध्याकाळी देवळाचे पंच तात्याबा यांनी संघप्रियाला पायरीवर थांबवलं.

संघप्रिया सोलापूरची. चित्रकलेचं शिक्षण तिनं रीतसर घेतलं होतं, पण तिचा जीव जडला तो जुन्या भिंतींवर. गेरू, पिवळी माती, नीळ आणि काजळ डिंकात घोटून चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली चित्रं आता देवळोदेवळी टाइल्सच्या आड जात होती. जिथे उरली होती तिथे ती जाई, पडलेला गिलावा भरी आणि जुन्या रेघेला जुनीच रेघ जोडून देई. पहिल्या दिवशी तात्याबांनी तिला विचारलं होतं, तुम्ही बौद्ध माणसं, देव मानत नाही, मग हे कशाला? “देव नाही मानत,” ती म्हणाली होती, “चित्र मानते.” तात्याबांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी चहा पाजला होता.

बाणाईच्या गालाचा पोपडा पडला होता. संघप्रियानं तिथे चुन्याचा नवा गिलावा भरला, तो वाळेपर्यंत रंग लावायचा नाही म्हणून कोरा सोडला आणि ती सोलापूरला गेली. परत आली तेव्हा देवी रडत होती आणि तिला आत जायला बंदी होती.

पायरीवरून तिला चित्र दिसत होतं. अपमानाचं नंतर बघू, असं तिनं ठरवलं, कारण तिथे त्याहून वाईट काही घडत होतं. बाणाई धनगराची लेक. तिच्या पायाशी कुणा जुन्या कारागिरानं मेंढ्यांचा कळप काढला होता, प्रत्येक मेंढीची मान वेगळ्या बाजूला वळलेली. डिंकातला रंग पाण्यापुढे टिकत नाही. बुवांचं शिंपण आणि भाविकांनी ओतलेले पाण्याचे तांबे यांनी खालची रांग केव्हाच धुऊन नेली होती. वरच्या रांगेतल्या मेंढ्यांचे पाय विरघळले होते. पाय नसलेल्या मेंढ्या ढगांसारख्या भिंतीवर तरंगत होत्या.

“असंच चाललं तर पंधरवड्यात बाणाईसुद्धा राहणार नाही,” ती तात्याबांना म्हणाली.

“चित्र काय, परत काढता येतंय. देवी परत रडंल व्हय?”

तिनं एवढंच मागितलं, की आत येत नाही, पण दुसऱ्या दिवशी आरतीनंतर पायरीवर मला काही दाखवू द्या. बुवांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. गर्दी होतीच, आणखी वाढणार होती.

दुसऱ्या दिवशी तिनं शहाबादी फरशीचा एक तुकडा आणला. भिंतीला भरलेला चुना देवळामागे माठात भिजत ठेवलेला होता, त्यातलाच थोडा फरशीवर लावला. वर भंडाऱ्याचं पाणी शिंपडलं. फरशी लालभडक झाली.

गर्दी पुढे सरकली. मग पुढे उभ्या असलेल्या वाडीतल्या धोंडीरामनं चप्पल काढली आणि फरशीला हात जोडले.

“पाहिलंत?” बुवा म्हणाले. “देवी दगडातही प्रकटली.”

संघप्रियानं कपाळाला हात लावला. असा निष्कर्ष निघेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात तात्याबांची थोरली बहीण नागव्वा पुढे आली. फरशीकडे वाकून बघत म्हणाली, “तात्या, मागल्या साली माजा पाय मुरगळला तवा तूच हळद-चुन्याचा लेप लावलास की. घोटा असाच लाल झाला व्हता. तवा न्हाय कुणी माज्या पायाला नारळ फोडला.”

हसू मागून सुरू झालं आणि पुढे आलं. हळद-चुन्याचा लेप न लावलेला माणूस त्या गर्दीत नव्हता. प्रत्येकानं तो लाल रंग घरात पाहिला होता. भिंतीवर तो देवीच्या गालावर होता, म्हणून कुणाला ओळखू आला नाही.

बुवा घाईनं म्हणाले, “अहो, फरशी ओली आहे! भिंत कधीच वाळली. वाळलेला चुना हळदीनं लाल होत नाही!” आणि त्यांनी हातातला कमंडलू छातीशी ओढला.

“नाहीच होत, महाराज,” संघप्रिया शांतपणे म्हणाली. “तुम्हांला चुन्यातलं बरंच कळतं. वाळल्या चुन्यावर लाल रंग हवा तर चुन्याची निवळी, म्हणजे भिजल्या चुन्यावरचं पाणी, मारावी लागते. पडद्याआड रोज कोण मारतं?”

नागव्वानं ऐकलं, ओटीतली भंडाऱ्याची चिमूट काढली आणि बुवांच्या कमंडलूकडे हात नेला.

“विटाळ होईल!” बुवा मागे सरले.

“खंडोबाचा भंडारा हाय की. त्यानं कसला विटाळ?”

चिमूट गंगाजलात पडली. गंगाजल लाल झालं.

पुढचं सांगायला फार नाही. हळदीतल्या रंगाला चुना लागला की तो लाल होतो. जुनी भिंत हवेनं मुरलेली असते, तिथे तो पिवळाच राहतो. कमंडलूत चुन्याच्या माठावरचं नितळ पाणी होतं. देवी गावाच्या श्रद्धेची परीक्षा घेत होती, असं बुवांनी जाहीर केलं आणि निकाल न सांगता ते एका जीपमध्ये बसले. मागोमाग पाळणाही गेला.

गर्दी पांगल्यावर तात्याबा संघप्रियाला आत घेऊन गेले. हात सोसला नाही याबद्दल ते काही बोलले नाहीत. स्टूल मात्र स्वतः आणून ठेवलं. मग भिंतीच्या खालच्या कोऱ्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, “मेंढ्या बी काढा की परत.”

“काढीन. पण त्या माझ्या असतील. ज्यानं पहिल्यांदा काढल्या त्याचा हात पाण्यात गेला, तात्याबा.”

तात्याबांनी भिंतीशी ठेवलेले भाविकांचे तांबे उचलून बाहेर नेले.

देवळात जावं, हात जोडावेत, त्याला कुणाची ना नाही. पण पडदा ओढून कुणी आत एकटाच उभा राहिला, तर तो पडदा त्याच दिवशी बाजूला करावा. हे कशानं होतं, एवढंच विचारायचं असतं. आम्ही ते उशिरा विचारलं. बाणाई वाचली. तिचा कळप गेला.