एका फोनवर उघडलेलं गेट

"फावडं खाली ठेवा, भाऊजी. माझ्या रानातली वाळू माझी मी काढीन."

वहिनी मान वर न करता बोलली. कालवा फुटून चार दिवस झाले होते. कमरेएवढं पाणी ओसरलं आणि मागे वीतभर वाळूचा थर ठेवून गेलं. त्याच्याखाली काढणीला आलेला कांदा कुजत होता. त्या वासाने डोकं उठायचं. वरून ऊन असं, की वाळूवर पाय ठरत नव्हता.

पाटकरी फावडं धरून तसाच उभा राहिला. एकोणीस वर्षं तो रोजंदारीवर त्या कालव्याची राखण करत होता. कुणाच्या पाटाला किती वेळ पाणी सोडायचं, कुठं झिरपतंय, कुठं गवत माजलंय, सगळं त्याच्याकडे. गावाला त्याचं खरं नाव आठवत नसे. पाटकरी म्हटलं की तोच.

"मी इंजिनियर साहेबांना तीनदा कळवलं होतं, वहिनी. भेग दाखवायला घेऊन गेलो होतो."

"त्यांना कळवलंत. आणि मला काय सांगितलंत?" आता तिने मान वर केली. "मला म्हणालात, भराव दगडासारखा आहे, काळजी करू नका. म्हणालात की नाही?"

म्हणाला होता. खोटं कशाला बोला. भेग पाहून इंजिनियर म्हणाला होता, "दुरुस्ती मंजूर आहे. तोवर चार पोती माती टाक आणि गप बस." पाटकऱ्याने पोती टाकली, गप बसला, आणि वहिनीने विचारलं तेव्हा 'काळजी करू नका' म्हणून मोकळा झाला. इंजिनियरचं खोटं त्याने स्वतःच्या पायाने चालत जाऊन भावाच्या घरी पोचवलं होतं. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्यामागे वहिनीकडे हे रान आणि दोन शेळ्या, एवढंच होतं.

त्याने फावडं बांधावर टेकवलं आणि निघाला. करणार काय? खरं होतं ते.

वाटेत न्हाव्याचं दुकान लागलं. न्हाव्याने त्याला हाताला धरून आत ओढलं. "बस. ऐक. तुझ्या कालव्याचं चाललंय."

दुकानातल्या टीव्हीवर भागाचा पुढारी बोलत होता. गाव त्याला मधबोट्या म्हणायचं. दर निवडणुकीला बोटभर मध चाटवायचा आणि मग पाच वर्षं बोट दाखवायचा, म्हणून. कपडे दुधासारखे पांढरे, आवाज लोण्यासारखा.

"कालवा फुटला ही निव्वळ अफवा आहे," मधबोट्या सांगत होता. "विरोधकांनी पसरवलेली. जमिनीतली पाण्याची पातळी खाली गेली होती. शेतकऱ्यांची तळमळ मला पाहवली नाही. मी स्वतः फोन करून गेट उघडायला लावलं. ही जलभरण योजना आहे. आज तिथल्या विहिरी तुडुंब आहेत."

"तुडुंब आहेत हे खरंय," न्हावी म्हणाला. "वाळूने."

अर्ध्या गालाला साबण लावून बसलेलं गिऱ्हाईक एवढं हसलं, की न्हाव्याला वस्तरा मागे घ्यावा लागला. पाटकऱ्याला मात्र हसू आलं नाही. पाणी कुणी मुद्दाम सोडलं असेल, तर कालवा फुटला नाही. कालवा फुटला नाही, तर पंचनामा नाही. आणि पंचनामा नाही, तर त्या खालच्या तीस रानांना कुणी विचारायचं? एका वाक्यात त्या माणसाने तीस घरांचं नुकसान पुसून टाकलं होतं. वर त्याबद्दल आभाराची वाट बघत होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. खोलीत पंखा गरगरत होता. कडेच्या स्टुलावर इंजिनियर अंग चोरून बसलेला, आणि त्याच्या खुर्चीत पुढाऱ्याचा सेक्रेटरी. गुळगुळीत दाढी, दोन मोबाईल.

"या, या. बसा," सेक्रेटरी म्हणाला. एकोणीस वर्षांत पाटकऱ्याला त्या खोलीत कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

कागद टाईप होऊन तयार होता. सेक्रेटरीने वाचून दाखवला. 'मी, कालवा राखणदार, वरिष्ठांच्या फोनवरील आदेशानुसार पहाटे गेट उघडले. पाणी नियोजनानुसार सोडण्यात आले.'

"पण साहेब, मी गेट उघडलंच नाही."

"उघडलं असतं की नाही, आदेश आला असता तर?"

"असता तर उघडलं असतं."

"मग झालं तर. फरक किती राहिला?" सेक्रेटरी गोड हसला. "एकोणीस वर्षं रोजंदारीवर आहात. हे माणुसकीला धरून नाही. साहेबांनी स्वतः तुमच्या कायम नोकरीचा विषय काढलाय. उद्या साहेब गेटपाशी येतायत, पत्रकार घेऊन. तुम्ही चाक फिरवून दाखवायचं, फोटो होईल, तिथेच सही. एवढंच."

गेटचं नाव निघताच इंजिनियरला ठसका लागला. पाटकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, इंजिनियरने खिडकीकडे. ते गेट सहा वर्षं हललं नव्हतं. गंजून चौकटीत चिकटलेलं. पाणी खालच्या मोरीतूनच सोडत. हे दोघांना माहीत होतं, सेक्रेटरीला नव्हतं. एवढं बेमालूम खोटं रचणाऱ्या माणसाला एकदा जाऊन गेट बघून यावंसं वाटलं नव्हतं. खोटं बोलायचं तर निदान कष्ट तरी घ्यावेत.

बाहेर आल्यावर इंजिनियर त्याच्यामागे धावत आला. "हे बघ, तू नुसतं चाक धरून उभं राहा. फोटोत काय कळतंय? माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत रे."

"आणि माझ्या वहिनीचं काय राहिलंय, साहेब?"

इंजिनियर मागे वळला आणि ऑफिसात शिरला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत.

"सही करा," ती म्हणाली. "खरं बोलून कुणाचा कांदा परत येणार आहे? पोरीच्या शिक्षणाला हातभार लागेल. सगळं जग खोटं बोलतंय, आपण एकदा बोललो तर काय आभाळ कोसळतंय?"

"मी एकदा बोललोय आधीच."

"कधी?"

"वहिनीला. भराव मजबूत आहे म्हणून."

भांडी थांबली. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत होतं," पाटकरी म्हणाला. "भेग माझ्या डोळ्यांनी बघून आलो होतो. फक्त नोकरीचं भ्याव होतं."

बायकोने पुन्हा सही करा म्हटलं नाही. करू नका असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गेटपाशी मांडव पडला. गाड्या आल्या, कॅमेरे आले. जिथं भराव फुटला होता तो वीस पावलांचा भाग कापडी कनातीने झाकला होता आणि वर पाटी लावली होती, 'काम प्रगतिपथावर'. खालच्या रानांतली माणसं भरावावर येऊन उभी राहिली. वहिनीही आली होती, चिखलाने भरलेले हात पदराला न पुसता तशीच.

मधबोट्या उतरला. हात जोडत, हसत, कुणाच्या पोराच्या गालाला हात लावत आला. माईक हातात घेऊन विहिरींचं, पातळीचं, तळमळीचं पुन्हा सगळं बोलला. "आणि हे आपले बंधू," त्याने पाटकऱ्याच्या खांद्यावर हात टाकला, "माझा एक फोन गेला आणि या माणसाने पहाटे एकट्याने गेट उघडलं! दाखवा जरा सगळ्यांना, कसं उघडलंत."

कॅमेरे वळले. सेक्रेटरीने कागद आणि पेन पुढे केलं. इंजिनियर मांडवाच्या खांबाला टेकून घाम पुसत होता.

पाटकऱ्याने चाकाला हात लावला. नुसतं धरून उभं राहिलं असतं तर भागलं असतं. कायम नोकरी, पोरीचं शिक्षण, सगळं त्या दोन मिनिटांत होतं. त्याला भरावावर वहिनी दिसली. ती रागाने बघत नव्हती. नुसती बघत होती. आजही हा काय सांगतो ते ऐकायला आल्यासारखी.

त्याने हात काढून घेतला.

"साहेब," तो म्हणाला, "हुकूम तुमचा, तळमळ तुमची. मी कोण? तुम्ही इथवर आलात, तर तुमच्याच हाताने उघडा. शोभून दिसेल."

"साहेबांना कशाला..." इंजिनियर पुढे आला, पण उशीर झाला होता. कॅमेरा बघून ज्याचे हात शिवशिवणार नाहीत तो मधबोट्या कसला? त्याने बाह्या सरसावल्या, हसून चाक धरलं आणि फिरवलं.

चाक हललं नाही.

तो पुन्हा हसला, थोडं कमी. पाय रोवून जोर लावला. गंजाचे पापुद्रे सुटून पांढऱ्या शर्टावर पडले. सोबतचे दोन धट्टेकट्टे अंगरक्षक धावले. तिघांनी मिळून हिसका दिला. चाकाची मूठ तुटून एका अंगरक्षकाच्या हातात आली आणि तो मागच्या मागे सेक्रेटरीला आडवं करून त्याच्या मांडीवर जाऊन बसला.

भरावावरून वहिनीचा आवाज आला, खणखणीत.

"जोर लावा, साहेब! त्या दिवशी तर नुसत्या फोनवर उघडलं होतं!"

जो हशा पिकला तो खालच्या वस्तीपर्यंत ऐकू गेला. सहा दिवस ज्यांना घास गोड लागला नव्हता ती माणसं पोट धरून हसली. पत्रकारही हसले. मधबोट्याचा चेहरा लाल झाला, पण जीभ जागेवर होती. त्याने माईक ओढून घेतला. "बघा! बघा, आपली गेटं किती भक्कम आहेत! तीन माणसांना हलत नाहीत!"

अशा माणसाला लाज वाटेल म्हणून वाट बघणं म्हणजे दगडाला पान्हा फुटायची वाट बघणं. पण ती तुटकी मूठ संध्याकाळच्या बातम्यांत सगळ्यांनी पाहिली. न्हाव्याने दुकानात ती बातमी पाच वेळा लावली.

आठवड्याने पाटकऱ्याला कामावरून काढलं. कारण दिलं, 'गेटची निगा राखली नाही'. त्याच गेटच्या दुरुस्तीसाठी त्याने केलेले अर्ज ऑफिसातून गायब होते. इंजिनियरची बदली झाली, ती वरच्या जागेवर. आणि मधबोट्याने नवी मुलाखत दिली. पाणी सोडलं असं आपण कधी म्हटलंच नव्हतं, आपल्या शब्दांचा विपर्यास झाला. चौकशीत निष्पन्न झालं होतं की गावातल्या शेळ्यांनी भराव तुडवून तुडवून कमकुवत केला आणि त्यामुळेच दुर्घटना घडली. शेळ्यांच्या मालकांवर कारवाई होणार.

पाटकरी आता रोज वहिनीच्या रानात वाळू काढायला जायचा. पहिल्या दिवशी त्याने सरळ फावडं उचललं. तिने पाहिलं आणि वाळू भरायची पाटी पुढे सरकवली. एवढ्यात सगळं मिटलं असं नाही. पण पाटी रोज पुढे यायची.

असेच दोघं कामावर असताना एक दिवस तालुक्याचा कारकून बांधावरून आला. हातात दोन कागद.

"दोन शेळ्या तुमच्याच ना, मावशी? ही नोटीस. भराव तुडवल्याबद्दल."

"माझ्या शेळ्यांनी कालवा फोडला?"

"चौकशी अहवालात तसं आहे." कारकून ओशाळला. "आणि हा दुसरा कागद पंचनाम्याचा. वरून आदेश आलाय, खालच्या सगळ्या रानांचे पंचनामे करायचे. कारण आता अहवालात लिहिलंच आहे ना."

"काय लिहिलंय? वाचा."

"'सदर कालवा फुटल्यामुळे खालील शेतकऱ्यांच्या पिकाचे नुकसान झाले...'"

"थांबा," वहिनी म्हणाली. "परत वाचा."

"'सदर कालवा फुटल्यामुळे...'"

वहिनीने पाटकऱ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर कालवा फुटल्यापासूनचं पहिलं हसू आलं होतं. तिने हात पदराला पुसले, दोन्ही कागद घेतले आणि दोन्हींवर सही ठोकली, नोटिशीवर जरा जास्तच ठळक.

"जाऊन सांगा त्या मधबोट्या साहेबाला," ती कारकुनाला म्हणाली, "त्याच्याच्याने जन्मात खरं बोलवलं नाही. शेवटी माझ्या शेळ्यांनी वदवून घेतलं."