भरल्या खोलीत

"आजच्या दिवस नको जाऊ वं," शांतवनराव पलंगावरूनच म्हणाले. "छातीत भरून आल्यासारखं वाटून राहिलं मले."

प्रमोदिनीबाई आरशासमोर पदराला पिन लावत होत्या. त्यांनी पिन तोंडात धरली, येऊन नवऱ्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरतं मिनिटभर मोजलं. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईची बोटं ती. नाडी संथ आणि सरळ चालली होती.

"रात्रीचे भजे बाधले तुम्हाले," पिन लावत त्या म्हणाल्या. "ओव्याचं पाणी देते करून. चर्चमधून दवाखान्यात जाते अन् लवकर येते. मग जाऊ डॉक्टरकडे."

"दर रविवारी तुझं हेच."

"तुमचंही दर रविवारी हेच. कधी कंबर, कधी पोट, आज छाती."

शांतवनराव हसले. त्यांना खोटं पकडलं गेलेलं आवडायचं. "जा बाप्पा. तू काही ऐकत नाही. दार लोटून नको घेऊ पण. शेजारचा बाबाराव येईल नऊ वाजता."

ओव्याचं पाणी त्यांनी दोन घोटांत संपवलं, पेला बायकोच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

एके काळी दर रविवारी दोघं बरोबर जात. शांतवनराव रेल्वेच्या टपाल डब्यात होते, नागपूर ते इटारसी, रात्रभर उभ्यानं पत्रं निवडायचे. रविवारी उपासना झाली की चर्चमधली दहा-बारा माणसं धंतोलीतल्या त्या दवाखान्यात जायची. तिथे यवतमाळ, गडचिरोली, पार बालाघाटकडचे पेशंट. बायका पेशंटचं अंग पुसून द्यायच्या, केस विंचरायच्या. शांतवनराव व्हरांड्यात मांडी घालून बसायचे आणि नातेवाइकांची गावाकडची पोस्टकार्डं लिहून द्यायचे. "पुढं सांगा मावशी, म्हशीचं काय लिहू?" हा त्यांचा आवाज आतल्या खाटांपर्यंत यायचा आणि दुखण्यातली माणसंही हसायची.

मग एकेक करून लोक गळाले. भांडण नाही, तंटा नाही. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचे गुडघे. चर्चमध्ये नवे पंखे आले, चांगले लाउडस्पीकर आले, गाणी पूर्वीपेक्षा सुरेल होऊ लागली. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायला लागली तेव्हा मंडळीच्या पंचांनी बैठक घेऊन नऊची उपासना साडेसातला आणली. सव्वाआठला आशीर्वाद झाला की लोक चपला शोधायला धावत. पाळकसाहेब दर आठवड्याला वेदीवरून विचारत, "दवाखान्याच्या सेवेला आज कोण येणार?" आणि मग सगळ्यांच्या माना प्रमोदिनीबाईंकडे वळत. जणू 'कोण' हे त्यांचंच नाव होतं.

शांतवनराव निवृत्त झाल्यावर त्यांनी टीव्ही घेतला. गल्लीतला पहिला. "पस्तीस वर्षं उभा होतो मी," ते म्हणाले होते. "आता बसून पाहू दे." खरंच तर होतं. प्रतापनगरातल्या त्या दोन खोल्यांत रविवारी पंधरा-वीस माणसं बसत. शांतवनरावांना ते आवडायचं. घर भरलेलं त्यांना फार आवडायचं.

त्या सकाळी दवाखान्यात नत्थूजी वाट बघत होते. वाट बघत होते म्हणजे डोळे दाराकडे होते; अर्धांगवायूनं त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवी बाजू लुळी पडली होती. वणीजवळच्या एका गावात ते शिंपी होते. बायको कौसल्या पंचवीस दिवसांपासून खाटेखाली झोपत होती. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

"बाई, पाठ लय खराब झाली त्याहिची," कौसल्या म्हणाली. "मी हात लावतो तं कण्हते. मले भेव वाटते."

"भिऊ नको. इकडे ये. असा खांदा धर, असं कमरेखाली हात घाल. ओढायचं नाही, लोटायचं. हं. आता बघ."

नत्थूजी कुशीवर झाले. प्रमोदिनीबाईंनी कोमट पाण्यात कापड भिजवलं, जखमेच्या कडेकडेनं पुसलं, पावडर लावली. कौसल्येकडून दुसऱ्यांदा सगळं करून घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तिच्याकडून वदवून घेतलं.

"मले जमते काय हे, बाप्पा," कौसल्या म्हणाली. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं.

मग नखं. नत्थूजींची नखं वाढून तळव्यात रुतत होती. मिटलेली मूठ हळूहळू उघडून एकेक नख काढायचं म्हणजे वेळ लागणारच. प्रमोदिनीबाईंनी मध्येच घड्याळ बघितलं. सव्वानऊ. घरी सांगून आले, लवकर येते. दुसरा हात पुढच्या रविवारी, असं मनात आलंही. पण अर्धं काम टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी दुसरा हात घेतला.

साडेनऊला बाहेर पडल्या तर रस्ता ओस. एक रिक्षा धावत नव्हती. सहा-सात सायकलरिक्षा एका रेडिओच्या दुकानासमोर ओळीनं उभ्या, आणि रिक्षावाले काचेला नाक लावून आतला टीव्ही बघत होते.

"प्रतापनगर येता का गा?"

कुणी मान वळवली नाही. एक जण नुसता हात हलवून म्हणाला, "खत्म होने दो, माताजी."

प्रमोदिनीबाई चालत निघाल्या. डिसेंबर होता, ऊन चांगलं होतं. घराघरांतून एकाच गाण्याचे, एकाच संवादाचे आवाज येत होते. त्या भरभर चालत होत्या. आपण का भरभर चालतोय, हे त्यांना कळत नव्हतं.

दारात चपलांचा ढीग होता. खिडक्यांचे पडदे ओढून खोली अंधारी केली होती आणि सगळ्यांच्या तोंडांवर टीव्हीचा निळा उजेड हलत होता. खाली चटईवर बायका, मागे पुरुष. टीव्हीच्या समोर, आपल्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत शांतवनराव. शेजारच्या खुर्चीत बाबाराव, त्यांचं कोपर शांतवनरावांच्या कोपराला लागलेलं.

प्रमोदिनीबाईंना दारातूनच कळलं. मान कशी कलली होती, जबडा कसा सुटला होता, खुर्चीच्या हातावरून पंजा कसा लोंबत होता. हे त्यांनी इतक्यांदा बघितलं होतं की त्यात चूक व्हायला जागा नव्हती. तरी त्या माणसांमधून वाट काढत पुढे गेल्या. "जरा सरक वं," असं एकीला म्हणाल्यासुद्धा. त्यांनी गळ्यापाशी दोन बोटं ठेवली. गळा गार होता.

"टीव्ही बंद करा," त्या म्हणाल्या.

आवाज फार हळू निघाला असावा. बाबाराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पाचच मिनिटं थांबा ना, वहिनी. संपूनच राहिलं."

प्रमोदिनीबाई थांबल्या. का थांबल्या, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. नवऱ्याचे डोळे त्यांनी मिटले, लोंबता हात उचलून मांडीवर ठेवला, आणि त्या हातावर आपला हात ठेवून टीव्हीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्यामुळे मागच्या दोघांना दिसेना, तेव्हा कुणीतरी "बाई, बसा ना" म्हणालं. तेव्हा बाबारावांनी पहिल्यांदा वर बघितलं. मग शेजारी बघितलं.

डॉक्टर येऊन गेले. "तासभर तरी झाला असेल," ते म्हणाले. सव्वानऊच्या सुमाराला. त्या वेळी आपण नत्थूजींचा दुसरा हात घेतला होता, हा हिशेब प्रमोदिनीबाईंनी जागच्या जागी केला.

"आम्हाले वाटलं, डोया लागला," बाबाराव जो येईल त्याला सांगत राहिले. "मी विचारलं बी एकदा, चहा घेता का? बोलले नाही. म्हटलं, पाहून राहिले."

नवऱ्याला आंघोळ त्यांनी स्वतःच घातली. भिलाईहून मुलगा आला. मातीला चर्च गच्च भरलं होतं. इतकी माणसं नाताळालाच येत. गाणी फार चांगली म्हटली गेली. बायका एकामागून एक गळ्यात पडून म्हणाल्या, "काही लागलं तर सांग वं, प्रमोदिनी."

पाळकसाहेबांपाशी त्यांनी एकच गोष्ट मागितली. "तेवीस नंबरच्या खाटेवर नत्थूजी आहेत. पुढच्या रविवारी माझ्याऐवजी कोणाला तरी जा म्हणावं." पाळकसाहेबांनी वेदीवरून सांगितलं, असं नंतर कळलं.

मुलगा आठ दिवस राहिला, चल म्हणाला, त्या गेल्या नाहीत. मग घर रिकामं झालं. गल्लीतलं कुणी रविवारी फिरकेना. बाबारावांनी समोरून येताना दोनदा रस्ता बदलला. प्रमोदिनीबाई चर्चला गेल्या नाहीत, दवाखान्यात गेल्या नाहीत. तीन रविवार त्या बंद टीव्हीसमोर खाली बसून राहिल्या. प्रार्थनेला हात जोडले की मनात एकच वाक्य यायचं: मी त्यांना थांब म्हणून सांगितलं आणि ते थांबले नाहीत. मग लक्षात यायचं की थांब हे त्यांनीच आपल्याला सांगितलं होतं.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दारात कौसल्या उभी होती. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी.

"सिस्टरनं पत्ता देला," ती म्हणाली. "मयताचा दाखला घ्याले आली होती, दिरासंगं. तो बसला आहे तिकडे. म्हटलं, बाईले भेटल्याशिवाय नाई जात."

प्रमोदिनीबाईंनी तिला आत घेतलं. दोघी जमिनीवर बसल्या.

"कधी गेले?"

"बारा दिवस झाले. तुमी आल्या नाई त्याच्या दुसऱ्या रविवाराच्या आंधी. लय वाट पाह्यली त्याहिनं तुमची. दाराकडेच पाहे."

"कोणी आलं होतं का? चर्चमधून?"

"नाई बा. कोनीच नाई." कौसल्या सहज म्हणाली. तिला त्यात तक्रारीसारखं काही वाटलं नव्हतं. "पन मीच केलं सगळं. तुमी शिकवलं तसं. खांदा धरून, लोटून. पाठ सुकत आली होती, बाई, खरं सांगतो. डाक्टर बी म्हने, कोनं केलं हे? अन् शेवटी मी हात धरून होती. त्याहिनं दाबला थोडा. मंग सोडला."

बोलता बोलता तिची नजर भिंतीकडे गेली. शांतवनरावांच्या फोटोला सुकलेला हार होता. तिनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा बाईंकडे. पदर तोंडाशी गेला.

"अगं माय. कवा झालं हे?"

प्रमोदिनीबाईंनी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. तो रविवार, ते सव्वानऊ, तो दुसरा हात. समोर ही बाई बसली होती. बारा दिवसांपूर्वी नवरा गेलेली, आणि नवऱ्याला आपण नीट पोचवलं एवढीच शिदोरी घेऊन गावाकडे चाललेली.

"तुमच्याकडून आले ना मी त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "त्याच्या नंतरचं. दोन दिवसांनी. दुपारी."

"तुमी होत्या ना जवळ?"

"होते."

"हात धरून?"

"हो. धरून होते."

कौसल्येनं सुस्कारा सोडला. "मंग देवानं बरं केलं. तुमी एवढ्या लोकायचं करता, तुमचं तो वाईट करंल काहून?"

आयुष्यात प्रमोदिनीबाई खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही. पेशंटशी कोणती नर्स बोलत नाही? पण हे खोटं बोलून झालं आणि त्यांच्या आतलं काहीतरी मोडलं. मातीच्या दिवशी न आलेलं रडू आता आलं, गुडघ्यात डोकं घालून, आवाज करून. कौसल्येनं समजूत घातली नाही. ती सरकून जवळ आली आणि पाठीवर हात ठेवून बसली. बऱ्याच वेळानं तिचा हात केसांवरून फिरला. केसांचा गुंता झाला होता, तेलानं आणि धुळीनं चिकट.

"किती दिवस झाले न्हाल्या नाई, बाई?"

प्रमोदिनीबाई बोटांवर दिवस मोजू लागल्या आणि मध्येच चुकल्या.

कौसल्या उठली. परक्या स्वयंपाकघरात तिनं स्टोव्ह शोधला, काड्यापेटी शोधली, पातेलंभर पाणी चढवलं. दीर वाट बघत असेल, बस सुटेल, असं प्रमोदिनीबाई दोनदा म्हणाल्या.

"जाईल दुसरीनं," कौसल्या आतून म्हणाली.

मग तिनं त्यांना हात धरून मोरीत नेलं, दगडावर बसवलं, लुगड्याचा काठ कमरेला खोचला आणि तांब्या बुडवला. प्रमोदिनीबाईंनी मान खाली घातली. काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

"पानी लय गरम नाई ना, बाई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "असंच राहू दे."