दाराला लावलेली ट्रंक

मित्रांनो, मी जीवनची ट्रंक. कासा गावच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. जीवन फौजेत भरती झाला, तेव्हा त्याने मला काळा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. पलटणीत सगळे माझं कौतुक करत.

सीमेवर निघण्याआधी समुपदेशक सुषमा मॅडम आल्या. जवान आम्हां ट्रंकांवर बसून ऐकत होते. "ताप आला तर सांगता ना? मन घाबरलं तरी तसंच सांगा," त्या म्हणाल्या. जीवन नुसता हसला.

पुढे चौकीवर तोफगोळा पडला. जीवनच्या सोबत्याने त्याच्या मांडीवर जीव सोडला. मॅडमचा फोन आला, तेव्हा तो माझ्यावरच बसला होता. "मी ठीक आहे," एवढंच बोलला. पण फोन ठेवल्यावर तो रात्रभर माझ्यावरून उठला नाही.

तो सुट्टीवर पाड्यावर आला. एके दिवशी चारोटीला हमरस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. तोफगोळाच पडला असं वाटून, बायकोला, दक्षाला वाचवायचं म्हणून जीवनने तिला जमिनीवर दाबलं. दक्षाच्या कपाळाला चार टाके पडले.

घरी येताच तो खोलीत शिरला आणि त्याने मला ओढून दाराला लावलं. कपडे सांभाळणारी मी अडसर झाले. नऊ दिवस! मागे दार, पुढे जीवनची पाठ. मला हलता येईना, ओरडता येईना. भाकरी-पाणी खिडकीतून यायचं; पाणी तो प्यायचा, भाकरी बहुतेक तशीच वाळायची.

दक्षा बाहेर बसून असे. "उघड ना रे."

"नको. परत तुला लागंल."

"लागू दे. तू आत कुजशील त्याचं काय?"

दहाव्या दिवशी तिने मॅडमना फोन लावला आणि तो खिडकीतून आत सरकवला.

"जीवन, मी ऐकतेय," मॅडम म्हणाल्या.

फोन कानाशी धरून तो बोलला, "त्याला पाणी पायजे होतं, मॅडम. बाटली रिकामी होती." आणि तो ढसाढसा रडला. मग माझी कडी धरून त्याने मला वीतभर ओढलं. दक्षा अंग चोरून आत आली.

लष्कराच्या रुग्णालयात आता त्याच्यावर उपचार चालू आहेत. मित्रांनो, तुमच्याकडे कुणी असं दार लावून बसलं, तर त्याला भित्रा म्हणू नका. दाराशी बसून राहा. घरी आला की जीवन अजूनही कधीकधी मला दाराला लावतो. पण आता दक्षा आतल्या बाजूला असते.