वाचनखुणेची खोटी साक्ष

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जण पुस्तकाचं पान दुमडून ठेवतात, हे मी विचारणार नाही. मला ठाऊक आहे. दुमडलेल्या कोपऱ्यांचं कण्हणं मी शेजारी पडून ऐकलेलं आहे.

मी एक जुनी वाचनखूण आहे. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, आणि आता कडेचे दोरे सुटलेली. मला बघून कुणी 'वा!' म्हणणार नाही. पण माझ्याइतकं वाचन तुमच्या अख्ख्या गल्लीत कुणाचं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. छाती नाही मला, पण तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म शिवणाच्या दुकानातला. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जाड कापड घालतात ना, बकरम म्हणतात त्याला, तो माझा कणा. वर निळ्या रेघांचं शर्टाचं कापड. हा शर्ट होता जहाजावर काम करणाऱ्या एका लांब मानेच्या माणसाचा. कॉलर घट्ट होते म्हणून तो दुकानात आला. मग सैल होते म्हणून आला. मग एका बाजूला झुकते म्हणून आला. चौथ्या खेपेला शिवणाऱ्या बाईनं वैतागून ती कॉलर उसवली, नवीन लावून दिली आणि म्हणाली, "आता काही खोट काढलीत तर मानच मापून कापीन." तो जागचा हलला नाही. "कापा," म्हणाला. पुढं त्यांचं लग्न ठरलं, आणि जुन्या कॉलरच्या तुकड्याला कडेनं टीप मारून तिनं मला बनवलं. तिला वाचनाचं भारी वेड. त्यातून प्रेमकथा असली की तिला चहासुद्धा नको.

पण लग्नानंतर माझे वाईट दिवस आले. दोन वर्षं मी बटणांच्या डब्यात पडून होते. कारण सांगते. घरात सासूबाई होत्या, आणि त्यांचा प्रेमकथांवर राग होता.

सासूबाईंनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. पौराणिक कादंबऱ्यांचं काम आलं की ते त्यांच्याच टेबलावर जायचं. शाप, वर, प्रतिज्ञा, युद्धं, सगळं त्यांना तोंडपाठ. प्रेमकथा मात्र स्वस्त कागदावर, घाईनं छापलेल्या, पानोपानी चुका. "चुकीच्या माणसांनी चुकीच्या शब्दांत लिहिलेलं चुकीचं वागणं," असं त्या म्हणायच्या. आणि अशातच त्यांच्या मुलानं परस्पर लग्न ठरवलं, तेही प्रेमकथा वाचणाऱ्या बाईशी! झालं. त्या सुनेशी भांडल्या नाहीत. बोलल्याच नाहीत. जेवायला बसताना 'वाढ' आणि उठताना 'पुरे', एवढाच व्यवहार.

मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आधी अक्षरं गेली, मग माणसं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पाहिल्या, तिला आता स्वतःची चप्पल सापडेना. मुलगा आठ महिन्यांसाठी जहाजावर. घरात या दोघी, आणि मध्ये भिंतीसारखी शांतता. शेवटी सासूबाईंनी फोन करून लेकीला सांगितलं, "मला इथून ने. मला इथं कुणाचं ओझं व्हायचं नाही." लेक दुसऱ्या शहरात राहायची. दोन महिन्यांनी येते, खोली तयार करते, म्हणाली.

फोन शेजारच्या खोलीत ऐकू गेला. सुनेनं शिवणाचं मशीन थांबवलं नाही, पण त्या दिवशी एका झग्याची बाही उलटी लावली.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली आणि जाडजूड पौराणिक कादंबरी घेऊन आली. बटणांचा डबा उघडला, मला झटकलं, आणि सासूबाईंच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली. "आई, रोज तीन ते चार मशीन बंद ठेवते. वाचून दाखवू का?"

सासूबाई म्हणाल्या, "उच्चार बरे असतील तर वाच."

मित्रांनो, माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं!

ती कादंबरी होती एका सारथ्याच्या बायकोची. महायुद्ध पेटलंय, मोठमोठे राजे लढताहेत, आणि ही घरी बसून एकाच गोष्टीची वाट बघतेय, की संध्याकाळी कोणत्या रथाचे घोडे मोकळे परत येतात. काय लिहिलं होतं हो! मी पानात असूनही माझे दोरे ताठ व्हायचे. पौराणिक कादंबरीचं मला हेच आवडतं. शेवट सगळ्यांना माहीत असतो, तरी माणूस आशा सोडत नाही की या वेळी तरी तो बाण चुकेल. सासूबाई सुरुवातीला नुसत्या चुका काढायच्या. "स्वल्पविराम खाल्लास." "राजा ओरडत नसतो, राजा बोलतो." पण आठवड्याभरात त्या पुढं सरकून बसायला लागल्या. एकदा ऋषींनी शाप दिला तेव्हा तडकल्याच. "हे बरंय! शाप देऊन हे मोकळे, निस्तरायचं बायकांनी!" सून फिस्सकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत, पण 'पुरे'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

आता चूक कुठं झाली ते ऐका. वाचनालयाची पद्धत अशी, की प्रत्येक पुस्तकाला तेच खाकी कागदाचं कव्हर. बाहेरून सगळी भावंडं सारखी. सुनेनं हळूच एक प्रेमकथाही आणली होती, स्वतःसाठी. ती पातळशी होती, पण मशीनजवळच्या कापडाच्या ढिगात जाड काय आणि पातळ काय, कुणाला कळतंय. घरात वाचनखूण मी एकटीच. त्यामुळं माझी जागा पौराणिक पुस्तकात, आणि प्रेमकथेचं पान ती लक्षात ठेवायची. एके दुपारी गिऱ्हाईक आलं, घाईत तिनं मला कोंबलं ते नेमकं प्रेमकथेत. तीन वाजता गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या हुकांच्या विचारात असतानाच तिनं मी दिसले ते पुस्तक उचललं, स्टुलावर बसली आणि वाचायला लागली.

"'तिनं घड्याळ काउंटरवर ठेवलं. घड्याळजीनं वर न बघताच विचारलं, पुन्हा बंद पडलं?'"

आणि तिथंच ती अडखळली. माझ्या अंगावरून तिचं घामेजलेलं बोट गेलं.

"थांबलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई... पुस्तक चुकलं."

"ते कळलं मला. युद्धभूमीवर काउंटर नव्हता." मला वाटलं, संपलं, आता परत बटणांचा डबा. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या घड्याळाला काय झालं होतं?"

"काहीच नाही," सून म्हणाली. "ती शाळेत शिकवते. दर आठवड्याला तेच घड्याळ दुरुस्तीला आणते. घड्याळ चांगलं चालतंय."

"म्हणजे हिलाच काहीतरी झालंय."

"हो."

"मग वाच की. अशी मध्येच थांबतेस काय!"

त्या दिवसापासून तीनचे चार, चारचे साडेचार होऊ लागले. अर्धा वेळ युद्ध, अर्धा वेळ घड्याळाचं दुकान. मी या पुस्तकातून त्या पुस्तकात उड्या मारून दमून जायचे. घड्याळजी इतका लाजरा, की महिनाभर तो तिला फक्त किती वाजले ते सांगतो. सासूबाईंचा जीव नुसता टांगणीला. "अरे बोल ना मेल्या!" असं त्या भिंतीकडं बघून म्हणायच्या. कोण म्हणेल की यांना प्रेमकथा आवडत नाहीत! एकदा त्या बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "बघ हं. आमच्या पुराणातली माणसं बोलून फसतात. एकदा शब्द दिला की बसले त्यापायी जन्म घालवत. आणि तुझ्या या गोष्टीतली न बोलून फसतात. सांगायचं ते घशात अडकतं. दोन्हीकडं माणसं चांगलीच असतात गं."

त्या 'गं'नं मशीनवरची कात्रीसुद्धा दचकली असेल.

घड्याळाची गोष्ट संपत आली होती. सासूबाईंनी मला पानातून काढून हातात घेतलं आणि बोटांनी चाचपलं. मुद्रितं तपासणारी बोटं ती, त्यांना काय लपतंय? "ही कॉलर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाची?"

"हो."

"कितीदा आला होता ती घेऊन?"

"चारदा."

"कॉलर चुकली होती?"

सून एवढीशी झाली. "पहिल्यापासून बरोबर होती, आई."

सासूबाई हसल्या. त्या घरात मी त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घड्याळजीच आहे मेला."

पण मित्रांनो, दोन महिने सरले होते. लेकीनं फोन केला, खोली तयार आहे, रविवारी न्यायला येते. सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. नको कसं म्हणणार? स्वतःच तर मागे लागल्या होत्या. दिलेला शब्द! सुनेनंही तोंड उघडलं नाही. जायचं ठरवणारी मोठी माणसं, आपण अडवणारे कोण, असं तिला वाटलं असणार. तिनं सासूबाईंच्या साड्या इस्त्री करून बॅगेत भरल्या. त्या भरताना ती एकच साडी तीनदा घडी करत होती. दोघींच्याही घशात तेच अडकलेलं, आणि दोघीही सांगायला तयार नाहीत. मला तर वाटलं, आपण टाचणी असतो तर दोघींना टोचलं असतं.

सारथ्याच्या बायकोची कादंबरी आदल्या आठवड्यातच संपली होती. शनिवारी दुपारी घड्याळजीनं एकदाचं तोंड उघडलं आणि तीही कादंबरी संपली. सुनेनं शेवटचं पान मिटलं, मला बाहेर काढून मशीनवर ठेवलं. नवीन पुस्तक आणावं, तर वाचनालय पुस्तकांच्या मोजणीसाठी चार दिवस बंद. अर्धवट असं काही उरलंच नव्हतं.

रविवारी सकाळी सून आंघोळीला गेली. सासूबाई उठल्या. भिंत धरत, पाय घासत मशीनपाशी आल्या. त्यांचा हात दोऱ्याच्या रिळावर पडला, मग कात्रीवर, मग माझ्यावर. माझ्यावर थांबला. त्यांनी दोन्ही खाकी पुस्तकं हातात तोलली, पातळ होतं ते घेतलं, अंदाजानं मधोमध उघडलं आणि मला आत ठेवून मिटलं. मग ते पुस्तक छातीशी धरून खुर्चीत जाऊन बसल्या.

आता माझी पंचाईत बघा. वाचनखुणेचं आयुष्यात एकच काम, 'इथपर्यंत आलो' हे खरं खरं सांगायचं. आणि मी तर संपलेल्या पुस्तकाच्या पोटात बसले होते.

लेक आली. बॅग उचलली. "चल आई, गाडी खाली उभी आहे."

"थांब गं जरा," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तक अर्धं राहिलंय."

"घे की बरोबर. मी वाचून दाखवीन."

"तू वाचशील. पण त्या घड्याळजीचं बोलणं हिलाच जमतं. तू त्याला तहसीलदार करशील." त्यांनी पुस्तक पुढं केलं, मी दिसेन असं. "ही बघ खूण. इथपर्यंतच आलोय आम्ही. हे संपू दे. मग बघू."

लेकीनं खुणेकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग वहिनीकडं. सून ओले केस तसेच घेऊन दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. काल चार वाजता तिनं स्वतःच्या हातानं ते शेवटचं पान मिटलं होतं. तिनं मला त्या पुस्तकात बघितलं, आणि तिचा चेहरा रडू येण्याआधी होतो तसा झाला.

"हो ताई," ती म्हणाली. "अजून बरंच राहिलंय."

लेक हुशार होती. तिनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "मग चहा तरी टाक. मी पण ऐकते."

सून स्टुलावर बसली. जिथं मला ठेवलं होतं, तिथूनच वाचायला लागली. आठ दिवसांपूर्वी वाचलेलं पान, शब्दन् शब्द तोच. घड्याळजी पुन्हा लाजला. बाई पुन्हा न बिघडलेलं घड्याळ घेऊन आली. आणि सासूबाई पुढं सरकून, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत अशा म्हणाल्या, "अगं बाई! मग?"

"ऐका तर," सून म्हणाली, आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. लेक संध्याकाळी एकटीच परत गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढं किती राजे लढले, किती शाप लागले, किती लाजऱ्या माणसांची लग्नं झाली, मी मोजलं नाही. ती बॅग माळ्यावर गेली ती गेलीच. त्या सकाळबद्दल दोघी एकमेकींशी कधीच बोलल्या नाहीत. मी जन्मात एकदाच खोटी साक्ष दिली, आणि तुम्हाला सांगते, मला तिचा जराही पस्तावा नाही.

तेव्हा मित्रांनो, पानं दुमडू नका. चिंधीची का होईना, एक खूण ठेवा. आणि तुमच्या घरात कुणाचं वाचायचं राहून गेलं असेल, तर त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसा. कुठपर्यंत आलं होतं, विचारा. त्यांनी मागचं पान सांगितलं, तरी 'हे वाचलंय' असं म्हणू नका. तिथूनच वाचायला लागा.