हिमानीचे दोन पाठ

पुंडलिक गुरुजींच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी झोपेतही एकोणतीसचा पाढा चुकत नाही, अशी सौंसरात त्यांची ख्याती होती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, दिवस संत्र्याच्या बागेत जाऊ लागला, तरी गुरुजींची खोड काही गेली नाही. दारात आलेल्या दूधवाल्यालाही ते विचारत, "सतरा साते?" त्यामुळे दूधवाला हल्ली भांडं फाटकावर ठेवून पळत असे.

अशा या गुरुजींनी एका शनिवारी आपल्या सात वर्षांच्या नातीला, हिमानीला, ओसरीवर समोर बसवलं. पुढ्यात संत्रा बर्फीचा डबा होता. पाठ नीट म्हटला की बर्फी मिळायची, असा नियम.

"हं, एक?"

"आई मला वेळेवर जेवायला देत नाही."

"शाब्बास! दोन?"

"आई मला एकटीला ठेवून दवाखान्यात जाते."

"तीन?"

"मला तिथे करमत नाही."

"चार?"

हिमानी अडखळली. छताकडे पाहिलं, बोटं मोडली.

"तिथली शाळा चांगली नाही!" गुरुजींनी आठवण करून दिली. "नेहमी चारवरच अडते ही पोट्टी. पाच?"

"मला बाबांजवळच राहायचं आहे." एका दमात म्हणून हिमानीनं डब्याकडे हात नेला आणि मध्येच थांबली. "पन आबा, आई तं मले रोज टाइमावर जेवाले देते."

"ते कोर्टात नसते सांगाचं," गुरुजी म्हणाले.

हे सगळं दारात उभा असलेला हेमराज ऐकत होता. हेमराज म्हणजे गुरुजींचा मुलगा, हिमानीचा बाप. त्याला वडिलांना म्हणावंसं वाटलं, की बाबा, हे बरोबर नाही. पण पोरगी आपल्याकडे यावी असं कोणत्या बापाला वाटणार नाही? तो गुपचूप बागेकडे निघून गेला.

झालं होतं असं, की हेमराज आणि त्याची बायको प्रणाली दोन वर्षांपासून वेगळे राहत होते. मारझोड नव्हती, व्यसन नव्हतं. प्रणाली नर्स, तिची ड्युटी कधी सकाळची तर कधी रात्रीची. हेमराजची कामं बागेच्या वेळापत्रकानं चालायची. शब्दाला शब्द वाढत गेला आणि एक दिवस ती माहेरी, पांढुर्ण्याला, निघून गेली. पहिला कडवा शब्द कोणी काढला, हे आता दोघांनाही आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त पुढची तारीख, कारण हिमानी कोणाजवळ राहणार याचा दावा छिंदवाड्याच्या कुटुंब न्यायालयात लागला होता. निकाल लागेपर्यंत हिमानी आईजवळ राही आणि एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडे येई.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी किती वाईट! थांबा. पांढुर्ण्याच्या आजीबाई काही मागे नव्हत्या.

प्रणालीची आई मनकर्णाबाई भजनी मंडळाच्या पुढारी. गळा असा की मंदिरात माईक लागत नसे. त्यांना पाढ्यांचा कंटाळा. त्यांनी नातीला गाणंच बांधून दिलं. संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावला की डिमडी वाजवत आजी-नात सुरू व्हायच्या:

"बाबा माझे रागावती, येता-जाता ओरडती,
आईविना हिमानीला घास गोड ना लागती!"

असली तीन कडवी होती. "पोलीसवाल्यालेही रडू आलं पाह्यजे असं म्हन," मनकर्णाबाई बजावत. आतल्या खोलीत युनिफॉर्मला इस्त्री करताना प्रणाली हे ऐके. तिला ठाऊक होतं, हेमराजनं पोरीवर कधी आवाज चढवला नव्हता. उलट तिला डोक्यावर बसवून बागभर फिरवणारा बाप तो. पण हरलो तर पोरगी जाईल, या भीतीनं तिचीही जीभ टाळूला चिकटली होती.

आणि हिमानी? तिला वाटत होतं, ही परीक्षा आहे. पंधरा ऑगस्टच्या पाठांतर स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. आता दोन पेपर आहेत, एक सौंसरचा आणि एक पांढुर्ण्याचा, आणि दोन्हींत पहिलं यायचं आहे, एवढंच तिला समजलं होतं. आबांनाही नाराज करायचं नाही आणि आजीलाही नाही. बसस्टँडवर भेटणारी माणसं गाल ओढून विचारायची, "का व हिमू, आई जास्त आवडते की बाबा?" तेव्हाही ती आधी कोण विचारतंय ते बघून उत्तर द्यायची. सात वर्षांचं लेकरू वकिलाच्याही पुढं गेलं होतं!

तारखेचा दिवस उजाडला. न्यायालयाच्या व्हरांड्यात समोरासमोर दोन बाकं होती. एकावर गुरुजी आणि हेमराज, दुसऱ्यावर मनकर्णाबाई आणि प्रणाली. मधून लोक येत-जात होते, पण या बाकावरची नजर त्या बाकावर जात नव्हती.

समुपदेशक कुसुमताईंनी हिमानीला आत बोलावलं. निकालाआधी लेकराशी बोलून न्यायाधीशांना अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. मध्य प्रदेशातलं न्यायालय, कारभार हिंदीत चाले, पण कुसुमताई मूळच्या सौंसरजवळच्या मोहगावच्या. त्यांनी हिमानीला खुर्चीवर बसवलं, रंगपेटी पुढं ठेवली आणि आपल्या बोलीत गप्पा सुरू केल्या.

पाच मिनिटंही झाली नसतील, तोच खोलीचा दरवाजा उघडला आणि हिमानी धावत बाहेर आली. थेट आजोबांसमोर उभी राहिली.

"आबा, चौथं काय होतं जी? पाचवं आठवून राहिलं, चौथंच नाही आठवून राहिलं!"

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. "क... कोनतं चौथं?"

"अजी, आईचे वाईट गुन नाही का शिकवले तुम्ही? एक, जेवायला देत नाही. दोन, एकटीला ठेवते. तीन, करमत नाही. चार?"

सगळा व्हरांडा तिच्याकडे बघू लागला. मनकर्णाबाई ताडकन उठल्या. "पाह्यलं! पाह्यलं का बाप्पा! लेकराले काय काय शिकवून राह्यले हे मास्तर!"

तोवर हिमानी गर्रकन वळून त्यांच्यापाशी पोचली होती. "अन् आजी, तुह्या गान्याचं दुसरं कडवं कोनतं व? 'घास गोड ना लागती'च्या पुढचं? डिमडी नाही ना, म्हनून विसरली मी."

मनकर्णाबाई जशा उठल्या होत्या तशाच मटकन खाली बसल्या. दाराशी उभा असलेला शिपाई उत्तम तोंडावर फाईल धरून हसू लागला. एका वकिलाला खोकल्याची उबळ आली.

दारात आलेल्या कुसुमताईंनी चौघांनाही आत बोलावलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हिमानीला मात्र काळजी लागली होती, आपण नापास तर झालो नाही?

"हिमानी, तू नापास नाही झाली," कुसुमताईंनी तिला जवळ घेतलं. "दोन्ही पाठ मस्त म्हटले. आता पाठ केलेलं नाही, तुह्यं सांग."

"माह्यं?"

"हो. मनातलं."

हिमानीनं आबांकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच दोघांपैकी कोणी पुढचं वाक्य सुचवत नव्हतं. 

"ते तं मले कोनंच नाही शिकवलं."

 गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अडतीस वर्षं त्यांनी शिकवलं, पण विद्यार्थ्याच्या तोंडून असलं उत्तर कधी ऐकलं नव्हतं.

"बरं, नाही सुचत तं राहू दे," कुसुमताई म्हणाल्या. "तुह्या खेळन्याचं सांग."

आणि हिमानी बोलायला लागली. तिच्याजवळ तान्हा पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात ती, लाकडी बैलांची जोडी होती. आबांनीच सौंसरच्या सुताराकडून घडवून घेतलेली, चाकांवर चालणारी. तिनं त्यांची नावं लाडू आणि चिवडा ठेवली होती. आई पांढुर्ण्याला निघाली तेव्हा घाईघाईत चिवडा दप्तरात आला आणि लाडू सौंसरला कपाटावर राहिला.

"आता न्यायचा म्हटलं की बाबा म्हनते, लाडू इथंच राहू दे. अन् आई म्हनते, चिवडा तिकडं नको नेऊ, वापस येनार नाही. मंग मी गेल्या वर्षी तान्हा पोळ्यात एकच बैल नेला. पोट्टे हसून राह्यले होते. म्हने, तुह्या बैलाचा जोडीदार कुठं गेला?"

"मग तू काय सांगितलं?"

"मी सांगितलं, त्याची केस सुरू आहे."

कुसुमताईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. प्रणालीनं ओढणी तोंडाशी नेली. गुरुजींना तर कानशिलात बसल्यासारखं झालं. सुतार म्हणाला होता, गुरुजी, पोरीसाठी एक बैल पुरे. तेव्हा गुरुजींनीच त्याला सुनावलं होतं, "एकटा बैल कोनत्या वावरात चालते गा? जोडीच पाह्यजे!"

हिमानीला उत्तमसोबत बाहेर पाठवून कुसुमताई चौघांकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण शब्द नेमके होते.

"तुम्ही इकडचेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तुम्हाले काय सांगाची? या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, दोन्हीकडून गोटे, अन् मंधात नदीत झेंडा. झेंड्याले दुखत नाही. तुमच्या मंधात मात्र हे लेकरू उभं हाय! अन् गोटमार वर्षातून एक दिवस असते, तुमची दोन वर्षं चालून राहिली!"

"मॅडम, पन ताबा तं कोना एकालेच..." हेमराज चाचरत म्हणाला.

"ताबा वावराचा घेतेत, भाऊ. लेकराची जबाबदारी घेतेत. ते कोनासंग राहीन ते कोर्ट ठरवन. पन आई वाईट हाय असं तिले शिकवून तुम्ही काय जिंकान? तिच्या अंगात अर्धं रक्त आईचं हाय. उद्या तिले वाटन, मंग मीही अर्धी वाईट! तुम्ही नवरा-बायको नाही राह्यले तं नका राहू, कोनी जबरदस्ती नाही करून राहिलं. पन तिचे मायबाप तं तुम्ही जलमभर राहानच ना?"

 हेमराज जमिनीकडे बघत म्हणाला, "मॅडम, बाबा तिले शिकवत होते तेव्हा मी दारातच होतो. अडवलं नाही. चूक माही हाय."

"मीही ऐकून राहिली होती," प्रणाली म्हणाली. "मीही आईले काही म्हटलं नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं!

गुरुजी उठले आणि सुनेसमोर जाऊन उभे राहिले. "बेटा, हजार पोरांना मी खरं बोलाले शिकवलं. घरच्या लेकराले खोटं शिकवलं. मले माफ कर."

"असं नका म्हनू मामाजी," प्रणाली गडबडीनं उठली. "हिमानी तुमच्याचजवळ पाढे शिकली."

मनकर्णाबाईंनी डोळे पुसले. "देवापुढं बसून म्हनत होती मी ते गानं. देवाले काय वाटलं असन बाप्पा!"

मंडळी, हेमराज आणि प्रणालीचा संसार पुन्हा जुळला असं सांगितलं, तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं झालं नाही, आणि ते खोटं सांगून मी गुरुजींच्या पंगतीत बसणार नाही. झालं ते याहून साधं आणि चांगलं. कुसुमताईंच्या मदतीनं दोघांनी संमतीचा कागद केला. शाळेचे दिवस पांढुर्ण्याला, आता प्रत्येक शनिवार-रविवार सौंसरला, सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या. रोज संध्याकाळी दुसऱ्या घरी फोन. कोणीही लेकरासमोर दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत. न्यायाधीशांनी तो कागद वाचला, मंजूर केला आणि हिमानीला टेबलावरचं चॉकलेट दिलं. तान्हा पोळा मात्र दरवर्षी सौंसरला, ही अट हिमानीची. तीही कागदावर चढली!

तीनच आठवड्यांनी पोळा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली आणि मनकर्णाबाई बसमधून सौंसरला उतरल्या. सोबत आलेल्या हिमानीच्या कडेवर चिवडा होता, शिंगांना बेगड लावलेला. ओसरीवर लाडू तयार उभा होता. हेमराजनं रात्रभर बसून छोटंसं जू केलं होतं. त्यानं दोन्ही बैल जुंपले, प्रणालीनं ओवाळलं, मनकर्णाबाईंनी डिमडी काढली. गल्लीतली पोरं आपापले बैल घेऊन गोळा झाली.

पोळ्यात बैलांपुढं झडती, म्हणजे जुळवलेल्या ओळी, म्हणायची पद्धत. गुरुजींनी सवयीनं घसा साफ केला, "हं हिमानी, मी सांगतो तसं..." आणि स्वतःच जीभ चावली. हिमानी हसली. "राहू द्या आबा. मी माही बनवली." तिनं कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

"आई राहे पांढुर्ण्यात, बाबा राहे सौंसरात,
बैल माहे दोन गोठ्यांत, मी दोन्ही घरात!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

"महादेव!" सगळी गल्ली ओरडली. गुरुजींनी सगळ्यांत मोठ्यानं ओरडून घेतलं.

"आबा, कुठं चुकलं?" हिमानीनं विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "कुठंच नाही बेटा. पैकीच्या पैकी!" आणि बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, म्हणून तिच्या ओंजळीत बर्फीचा अख्खा डबाच ठेवला.

तेव्हा वाचकहो, घर मोडलं तरी मायबाप मोडू नयेत. कोर्ट लेकराचा पत्ता ठरवील. त्याच्या मनात दोघांची जागा ठेवणं मोठ्यांच्याच हातात आहे. आणि तुमच्या-माझ्यासारख्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढीच विनंती: बसस्टँडवर असं एखादं लेकरू भेटलं, तर "आई आवडते की बाबा?" असं विचारू नका. त्याच्या बैलांची नावं विचारा.